निदानाआधीच शिक्षा

विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी आपल्याकडे जी चर्चा चालते ती बहुधा बॅटरी किती पल्ला गाठते, चार्जिंगला किती वेळ लागतो आणि सरकार किती सवलत देते ह्या तीन प्रश्नांभोवतीच घोटाळत राहते. परंतु ज्यांनी ही वाहने दोन-चार पावसाळे वापरली आहेत, आणि तीही कोकणातल्या अंजनवेलसारख्या, ज्याच्या एका अंगाला उघडा समुद्र व दुसऱ्या अंगाला वाशिष्ठीची खाडी आहे अशा गावी, त्यांना ठाऊक आहे की मालकाला हेलपाटे घालायला लावणारा दोष ना बॅटरीत असतो ना मुख्य मोटरीत. तो पुष्कळदा गाडी गार ठेवणाऱ्या यंत्रणेत दडलेला असतो. ह्या यंत्रणेतील विजेवर चालणारा कॉम्प्रेसर हा सर्वांत महाग भाग; म्हणून गारवा बंद पडला की त्याच्यावरच आरोप ठेवायचा आणि तपास पुरा न करता तो समूळ बदलून मोकळे व्हायचे, असा जो प्रघात पडत चालला आहे तो मालकावर, कारागिरावर आणि एका चांगल्या यंत्रावरही अन्याय करणारा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पेट्रोल-डिझेलच्या गाडीत कॉम्प्रेसर इंजिनाच्या पट्ट्यावर फिरतो. बॉनेट उघडून मेकॅनिकने कान दिला, क्लच बसल्याचा ‘टक्’ असा आवाज ऐकला, पट्टा फिरतो आहे हे डोळ्यांनी पाहिले आणि गेजचे दोन नळ जोडले की त्याचे अर्धे काम झाले, अशी त्या विद्येची परंपरा. वीजगाडीत हे काहीच उरत नाही. तेथे एकाच बंद कवचात गॅस दाबणाऱ्या सर्पिल चकत्यांची जोडी, ती फिरवणारी तीन फेजची मोटर आणि बॅटरीतून येणाऱ्या तीनशे-चारशे व्होल्टच्या दिष्ट प्रवाहाचे प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करणारा इन्व्हर्टर अशी तिन्ही अंगे एकत्र बसवलेली असतात. आत येणारा थंड गॅस मोटरीच्या वेटोळ्यांवरूनच वाहतो आणि तिला गार ठेवतो, व त्याच गॅसबरोबर फिरणारे तेल चकत्यांना वंगण पुरवते. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या प्रियस गाडीत २००३ साली ही रचना मोठ्या प्रमाणावर प्रथम आली. आपल्याकडे जानेवारी २०२० मध्ये पुण्याजवळच्या रांजणगावात तयार होणारी नेक्सॉन ईव्ही बाजारात आल्यापासून ती मध्यमवर्गीयांच्या अंगणात पोहोचली. क्लच नाही, पट्टा नाही, बाहेर डोकावणारा दांडा नाही; म्हणजे झिजण्याची आणि गळण्याची कित्येक जुनी ठिकाणे नाहीशी झाली, हे खरे. परंतु त्याचबरोबर कानाने व डोळ्याने निदान करण्याची वाटही बंद झाली, हेही तितकेच खरे आहे.

ह्यात आणखी एक गोष्ट आली, जिच्याकडे सामान्य ग्राहकाचे लक्ष जात नाही. बॅटरी द्रवाने थंड ठेवणाऱ्या बहुतेक गाड्यांत हाच कॉम्प्रेसर त्या द्रवालाही गारवा पुरवतो. तेव्हा तो बंद पडला म्हणजे केवळ बसणाऱ्यांना घाम फुटतो एवढ्यावर भागत नाही. मे महिन्याच्या दुपारी मुंबईहून निघालेला चाकरमानी महामार्गावर जलद चार्जिंगला उभा राहिला की बॅटरी तापते, गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, आणि अर्ध्या तासाच्या मुक्कामाचे दोन तास होतात. शरीरसुखाची म्हणून जी यंत्रणा आपण गौण मानत होतो ती आता प्रवासाच्या मुळाशी येऊन बसली आहे. म्हणूनच तिच्या दोषाचे निदान हा चैनीचा प्रश्न राहिलेला नाही.

आता अंजनवेलच्या परिस्थितीकडे पाहा. दीपगृहाच्या बाजूने येणारा खारा वारा बारमाही, जून ते सप्टेंबर संततधार, आणि उरलेल्या दिवसांत जांभ्या दगडाची लाल धूळ. गाडीच्या नाकाशी बसवलेल्या, गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या कंडेन्सरच्या ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांवर ही धूळ आणि मीठ मिळून असा थर धरतात की आतला गॅस वाऱ्यावाचून कोंडतो, आणि काही वर्षांनी त्या पात्या बोटाने चुरगळाव्यात इतक्या ठिसूळ होतात. तारांच्या जोडण्यांत पाणी शिरले की तांब्यावर हिरवा कळंक चढतो. ह्या दोषांपैकी एकही कॉम्प्रेसरच्या आत नाही. परंतु त्यांतील प्रत्येकाचा परिणाम एकच दिसतो, आणि तो म्हणजे कॉम्प्रेसर फिरेनासा होणे.

गेल्या शिमग्याला गावी आलेल्या एका परिचितांच्या गाडीचे उदाहरण देतो. गाडी चालू असता हवा गार येई. धोपाव्याच्या धक्क्यावर दाभोळला जाणाऱ्या फेरीबोटीच्या रांगेत उभी राहिली की दहा मिनिटांत ती कोमट होई. मोठ्या शहरातील एका कार्यशाळेने त्यांना ‘कॉम्प्रेसर निकामी, बदलणे आवश्यक’ असा लेखी शेरा दिला होता आणि हजारो रुपयांचे अंदाजपत्रक हाती ठेवले होते. शृंगारतळीच्या बाजारात फ्रिज आणि बर्फाची यंत्रे दुरुस्त करणारा एक तरुण त्या दिवशी सहज भेटला. त्याने गाडीला हातही लावला नाही. केवळ विचारले की, चालत्या गाडीत गार आणि उभ्या गाडीत गरम, असेच होते ना? मग वारा लागतो तेव्हा यंत्र चालते, वारा थांबला की दाब चढतो आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी थांबते. पुढचा पंखा फिरतो का ते पाहा, असे तो म्हणाला. पंखा फिरत नव्हता. त्याच्या बारा व्होल्टच्या जोडणीतील एक पिन कळंकाने खाल्ली होती. जोडणी साफ करून ती पिन बदलली, आणि निकामी ठरलेला कॉम्प्रेसर आजही चालतो आहे.

त्या तरुणाजवळ ना महागडा स्कॅनर होता ना कोणत्या कंपनीचे प्रशस्तिपत्र; त्याच्याजवळ होता तो प्रश्नांचा क्रम. कॉम्प्रेसर फिरत नाही असे दिसल्यावर पहिला प्रश्न हा की, त्याला फिरण्याचा हुकूम मिळाला होता काय? वीजगाडीत कॉम्प्रेसर स्वतःच्या मर्जीने चालत नाही. गाडीचा नियंत्रक त्याला एका बारीक तारेवरून अमुक फेऱ्यांनी फिर असे सांगतो आणि प्रत्यक्षात तो किती फिरला ह्याचा जबाब घेतो. गॅस कमी आहे, दाब वाजवीपेक्षा जास्त आहे, बॅटरी फार उतरली आहे, हवा गार करणाऱ्या बाष्पकाजवळचा तापमापक चुकीचे सांगतो आहे, अशा कोणत्याही सबबीवर नियंत्रक हुकूमच देत नाही. हुकूम नाही म्हणून न फिरलेला कॉम्प्रेसर निर्दोष आहे. हुकूम मिळूनही तो फिरला नाही, तर पुढची चौकशी बारा व्होल्टचा पुरवठा, अर्थिंगची तार, संदेशाची तार, उच्च विद्युतदाबाचा फ्यूज आणि जोडणी नीट बसली आहे की नाही हे सांगणारा सुरक्षा-मंडलाचा दुवा ह्या क्रमाने व्हावयास हवी. आणि हे सारे शाबूत असल्याचा दाखला मिळाल्यावरच आरोप कॉम्प्रेसरच्या अंगावर यावा. स्कॅनरवर ‘मागितलेला वेग’ आणि ‘प्रत्यक्ष वेग’ असे दोन आकडे शेजारी-शेजारी दिसतात. ते पाहण्यास दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे न देता हजारोंचा भाग बदलला जातो, ह्याचे मला वाईट वाटते.

दुसरा दोष अधिक गंभीर जातीचा. सकाळी गाडी सुरू करू जावे तर पडद्यावर इन्सुलेशनचा इशारा येतो आणि गाडी हलण्यास नकार देते. दुपारी ऊन पडले की तीच गाडी मुकाट्याने चालू लागते. श्रावणातल्या ओल्या हवेत हा अनुभव यावा हे स्वाभाविकच आहे. उच्च दाबाचा प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यापासून सर्वस्वी अलग राहिला पाहिजे, आणि त्यासाठी दर व्होल्टमागे दिष्ट प्रवाहाला किमान १०० ओहम व प्रत्यावर्ती प्रवाहाला ५०० ओहम इतका रोध असावा असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. गाडी स्वतःच त्यावर अखंड पहारा ठेवते. पण हा पहारेकरी फक्त गळती आहे एवढेच ओरडून सांगतो. ती कॉम्प्रेसरमध्ये आहे, चार्जरमध्ये आहे की हवा तापवणाऱ्या हीटरमध्ये, हे त्याला सांगता येत नाही. ते शोधण्यासाठी एकेक अवयव क्रमाने अलग करून, ५०० व्होल्टच्या मेगरने त्याचा रोध मोजून, आकडा टिपून ठेवावा लागतो. निरोगी कॉम्प्रेसर कित्येक मेगाओहम दाखवतो. आणि येथेही सावधगिरी हवी, कारण गाडी रात्रभर थंडाव्यात उभी असता द्रवरूप गॅस कॉम्प्रेसरच्या तळाशी साचला तर तेवढ्यानेही आकडा खाली येऊ शकतो; एका मोजणीवर निकाल देणारा कारागीर घाईचा समजावा.

आणि आता ज्या सवयीने आपल्या कोकणात सर्वांत अधिक नुकसान होणार आहे तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. एसी गार करीत नाही म्हटले की ‘गॅस भरून टाकू’ हे आपले पिढीजात उत्तर. गेज लावायचा, उभ्या गाडीचा दाब पाहायचा, थोडा गॅस आणि बाटलीतले थोडे तेल ढकलायचे आणि पैसे घ्यायचे. वस्तुतः गाडी बंद असताना दिसणारा दाब गॅस किती आहे हे सांगतच नाही: आपल्याकडे सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा गॅस ३० अंश तापमानाला सुमारे ९७ पीएसआय दाब दाखवतो, आणि आत द्रवाचा थोडासा अंश शिल्लक असेतोपर्यंत, यंत्रणा निम्मी रिकामी असली तरी, तो तेवढाच दाखवीत राहतो. खरे माप एकच, आणि ते वजनाचे: असलेला गॅस यंत्राने बाहेर काढून तोलायचा, बॉनेटखालच्या पट्टीवर छापलेल्या ग्रॅमांशी ताडून पाहायचा, गळती शोधून बंद करायची, निर्वात करायचे आणि मग तोलूनच परत भरायचा. कमी गॅसवर चालणारा वीज-कॉम्प्रेसर दुहेरी मार खातो, कारण मोटरीला गारवा कमी मिळतो आणि चकत्यांकडे तेल परतत नाही.

तेलाची गोष्ट तर त्याहूनही कठीण आहे. जुन्या गाड्यांत ‘पॅग’ जातीचे तेल चालते, आणि बाजारातल्या बहुतेक बाटल्यांत तेच असते. बहुतेक वीज-कॉम्प्रेसरना मात्र ‘पीओई’ जातीचे, वीज रोखून धरणारे तेल लागते, कारण ते तेल मोटरीच्या वेटोळ्यांतूनच फिरणार असते. शंभरात एक भागाइतकी पॅगची भेसळ झाली तरी दहा मेगाओहमचा रोध एक मेगाओहमच्या खाली घसरू शकतो. म्हणजे जुन्या गाडीला लावलेला नळ न धुता वीजगाडीला लावला, गळती पाहण्यासाठी चुकीच्या तेलात कालवलेला रंग सोडला, किंवा उदारपणे थोडे ‘ऑइल’ टाकले, तर सकाळी गारव्याची तक्रार घेऊन आलेली गाडी संध्याकाळी सुरूच न होणारी गाडी बनते. आणि हे तेल सगळीकडे पसरलेले असल्याने केवळ कॉम्प्रेसर बदलून तो डाग धुऊन निघत नाही. ह्या एका अज्ञानाची किंमत एवढी मोठी असताना तेलाची जात मोठ्या अक्षरांत, मराठीत, बॉनेटखाली छापण्यास कंपन्यांना कोणती अडचण आहे, हे मला समजत नाही.

येथे कंपन्यांची कैफियत ऐकून घेतली पाहिजे. त्या म्हणतात की, हा खेळ तीनशे व्होल्टहून अधिक दाबाचा आहे, माणूस जागच्या जागी मरेल, सबब हे ज्ञान अधिकृत सेवाकेंद्राबाहेर जाऊ देणे धोक्याचे आहे. धोका खरा आहे, आणि तो मी तिळमात्र कमी लेखत नाही. उच्च दाबाची नारिंगी तार पाहिली की मालकाने हात मागे घ्यावा. जाणता कारागीरसुद्धा आधी बॅटरीचा पुरवठा तोडणारा सेवा-प्लग काढतो, इन्व्हर्टरमधील साठा ओसरण्यासाठी सांगितलेली मिनिटे थांबतो, रबरी हातमोज्यांची मनगटे गुंडाळून आत हवा कोंडतो आणि कोठे सूक्ष्म छिद्र तर नाही ना हे गालाजवळ धरून पाहतो, मग मीटर एका चालू पुरवठ्यावर पारखतो, गाडीवर शून्य मोजतो आणि मीटर मध्येच बिघडला नाही ह्याची खातरजमा म्हणून पुन्हा चालू पुरवठ्यावर पारखतो. ही शिस्त शिकवता येते. कोकणातील मुलगे ती शिकू शकत नाहीत असे म्हणणाऱ्याने ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतरचे दिवस आठवावेत. दापोली-मंडणगडाकडे विजेचे खांब रांगेने आडवे झाले होते, आणि भर पावसात अकरा हजार व्होल्टच्या वाहिन्या पुन्हा उभ्या करणारे वायरमन ह्याच मातीतले आणि त्यांच्या मदतीला आलेले इतर जिल्ह्यांतले साधे कामगार होते. धोक्याचे उत्तर प्रशिक्षण आणि परवाना हे आहे; माहिती कुलुपात ठेवणे हे नव्हे.

कुलूप उघडावे असा निर्णय आपल्या देशात एकदा झालाही आहे. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी चौदा मोटार-कंपन्यांना, सुटे भाग आणि निदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीवाल्यांपासून अडवून ठेवल्याबद्दल, एकूण २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला आणि ती खुल्या बाजारात उपलब्ध करण्याचा आदेश दिला. त्यावर अपिले झाली, वर्षे लोटली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मतदारांनीच असा हक्क कायद्यात आणला. आपल्या केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारींचा अंतर्भाव केला आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला त्यासाठी संकेतस्थळ सुरू केले. हे सारे स्तुत्य आहे. परंतु संकेतस्थळावर कंपनीचे नाव व मदतीचा क्रमांक असणे एक आणि एरर कोडचा अर्थ, तारांचा नकाशा व रोधाचा किमान आकडा शृंगारतळीच्या कारागिराच्या हाती पडणे दुसरे. बंधनकारक कायद्यावाचून हे दुसरे घडेल असा भरवसा मला वाटत नाही.

अंजनवेलच्या माणसाला हा प्रश्न अधिक बोचावा ह्याला इतिहासही आहे. ह्याच गावाच्या शिवेला लागून दाभोळ वीज प्रकल्प उभा राहिला. डिसेंबर १९९३ मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाने त्याच्याशी वीजखरेदीचा करार केला, मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला, आणि २००१ साली तो बंद पडला. यंत्रे बिघडली म्हणून नव्हे, तर दराचा आणि थकबाकीचा वाद मिटेना म्हणून. २००५ साली रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापन होऊन पुढे तो पुन्हा चालू झाला. त्या मधल्या वर्षांत गावच्या गोपाळगडाच्या तटावरून दिसणारी ती थंड धुरांडी ज्यांनी पाहिली, त्यांना यंत्र दाराशी असूनही त्याविषयीचा शब्द आपल्या हाती नसणे म्हणजे काय, हे निराळे सांगावे लागत नाही. मोटार लहान, प्रकल्प प्रचंड. पण परावलंबनाची जात तीच.

ह्यावर तजवीज अवघड नाही. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत आज प्रशीतन व वातानुकूलन हा एक व्यवसाय शिकवला जातो आणि विद्युत वाहनाचा यांत्रिक हा निराळा अभ्यासक्रमही आता आला आहे. पहिल्याला गॅस कळतो, दुसऱ्याला उच्च दाबाची वीज कळते. आणि वीज-कॉम्प्रेसर नेमका ह्या दोहोंच्या मध्ये पडतो, जेथे कोणाचाच हात पोहोचत नाही. चिपळूण-रत्नागिरीच्या संस्थांनी ह्या दोन्ही शाखांतील मुलांसाठी काही आठवड्यांचा एकत्र वर्ग काढावा. त्यात मेगर, वजनाने गॅस भरणे, तेलाची पारख आणि हातमोज्यांची शिस्त एवढेच शिकवावे, आणि वायरमनला जसा परवाना मिळतो तसा सरकारी परवाना उत्तीर्णांना द्यावा. पुण्यात १९६६ पासून मोटारींचे संशोधन करणारी एआरएआय ही संस्था आहे. खारट हवेच्या किनाऱ्यासाठी तपासणीचा एक मराठी मसुदा तिने करून दिला तर वेंगुर्ल्यापासून डहाणूपर्यंत तो उपयोगी पडेल.

ते होईपर्यंत मालकांनी स्वस्थ बसू नये. कॉम्प्रेसर बदलावा लागेल असे कोणी सांगितले, तर संमतीच्या कागदावर सही करण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: स्कॅनरवर निघालेले एरर कोड आणि त्यांसोबत मागितलेला व प्रत्यक्ष वेग, उच्च दाबाची जोडणी काढून केलेल्या मोजणीतील रोधाचा मेगाओहममधील आकडा, आणि यंत्रणेतून बाहेर काढलेल्या गॅसचे ग्रॅममधील वजन. बदललेला जुना कॉम्प्रेसर परत मागावा. बिलावर भरलेल्या तेलाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. जो कारागीर हे आकडे न कुरकुरता देईल, मग तो चिपळूणच्या चकचकीत दालनातला असो वा शृंगारतळीच्या पत्र्याच्या शेडमधला, त्याच्याकडे गाडी द्यावी; जो देणार नाही त्याच्याकडून ती परत आणावी.